कागदावरचा गांजा

१८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ माणसे नव्याने दाखल झाली. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे, वेडाच्या कारणाच्या रकान्यात, गांजा, चरस किंवा भांग असे लिहिलेले होते. म्हणजे शेकडा सोळा-सतरा. आकडा आहे तसा उचलला, तर गांजाने माणसे वेडी होतात हे सरकारच्याच दप्तरातून सिद्ध झाले असे कुणीही म्हणेल. लंडनमध्ये तसे म्हटले जातही होते.

पण तो रकाना भरला कुणी? माणूस रस्त्यात बरळताना सापडला की पोलिसांनी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यायचा. मग माणसाबरोबर एक तक्ता इस्पितळात रवाना व्हायचा. त्यात नाव, जात, वय, धंदा आणि वेडाचे कारण. कारण बहुधा पोलिसानेच विचारून लिहिलेले असे. नातलग जवळ नाहीत, माणसाला स्वतःचे नाव धड सांगता येत नाही. अशा वेळी 'ठाऊक नाही' लिहिण्यापेक्षा 'गांजा' लिहिणे सोपे. कधीतरी याच्या हातात चिलीम पाहिली होती, एवढा पुरावा पुरे होई. तक्त्यातली ओळ इस्पितळाच्या वहीत उतरे, वहीतली वार्षिक अहवालात जाई, आणि अहवालातली एकदा आकडा झाली की तिच्यामागचा हवालदार दिसेनासा होई.

हे शोधून काढले ते सरकारनेच नेमलेल्या एका आयोगाने. त्या २२२ माणसांची प्रकरणे एकेक करून त्याने पुन्हा उघडली. माणूस ज्या गावचा, तिथे चौकशी करवली. घरच्यांना, शेजाऱ्यांना विचारले. घराण्यात वेड होते का, नशा आधी की वेड आधी, दारू किंवा अफू सोबत होती का, हे पाहिले. चौकशीअंती २२२ मधली ९८ प्रकरणे उरली, आणि त्यांतही निव्वळ गांजा-भांगेकडे बोट दाखवता येईल अशी ६१. शेकडा सोळाचे साडेचारावर आले. एकशे तीस वर्षांपूर्वीच्या सरकारी कामात साधनचिकित्सेचा इतका चोख नमुना दुसरा पटकन आठवत नाही.

२ मार्च १८९३ रोजी विल्यम केन या खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटात गांजाचा प्रश्न काढला. तो होता बंगालपुरता. उत्तर देताना तो सगळ्या हिंदुस्थानावर पसरला. जुलैत इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले गेले; वर सांगितलेला आयोग तो हाच. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन हे त्यात एक सदस्य होते. तिघे हिंदी सदस्य होते: ताहिरपूरचे राजा राय, पंजाबचे कुंवर हरनाम सिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. सत्तर प्रश्नांची छापील प्रश्नावली गावोगाव गेली. तीस शहरांत बैठका झाल्या आणि १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले गेले. अहवालाचे सात खंड १८९४ मध्ये तयार झाले. निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्याला सहसा अपाय होत नाही, अतिरेक घातक ठरतो. म्हणून सरसकट बंदी नको, बंदोबस्त हवा. राजा राय आणि निहालचंद यांना हे पटले नाही. त्यांनी आपापल्या भिन्नमतपत्रिका जोडल्या, आणि त्या अहवालात छापल्याही गेल्या.

आजच्या हिंगोली जिल्ह्यातले वसमत या चौकशीच्या कडेला पडते. तेव्हा ते निजामाच्या मुलखातल्या परभणी जिल्ह्यात होते आणि आयोगाचा अधिकार ब्रिटिश अंमलाखालच्या प्रदेशावर. उत्तरेकडे पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागे. वऱ्हाडातल्या साक्षीदारांची जबानी आयोगाने घेतली; नदीच्या अलीकडे निजामाचे अबकारी खाते होते. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, इंग्रज अंमलदार राहत होते, पण छावणी म्हणजे जिल्हा नव्हे. तेव्हा या भागाचे चित्र उभे करायचे तर शेजारच्या मुलखातल्या कागदांच्या आधाराने, आणि तेही जपून. नगरला जे होते तेच वसमतला असेल, असे गृहीत धरणे म्हणजे त्या हवालदाराचीच चूक पुन्हा करणे.

नगरचे कागद मात्र भरघोस आहेत. मुंबई इलाख्यातला गांजा मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात पिके, आणि मध्य प्रांतातला खांडव्याकडे. पिकाची मेख एका गोष्टीत असे. नर झाडे फुलायच्या आत ओळखून उपटून टाकायची. परागण झाले की मादीच्या तुऱ्यांत बी धरते आणि राळ कमी होते. बंगालात यासाठी पारखदार नावाचा खास माणूस लावत. त्याने शेतातून फिरून नर वेचायचे. तुरे कापले की वाळवायचे, खळ्यावर पसरून पायांनी तुडवायचे, म्हणजे चिकट राळेने ते एकमेकांना धरून चपटे होतात. पुढचे काम ओढणाऱ्याच्या तळहातावर. चिमूटभर गांजा पाण्याने धुवायचा, पिळायचा, अंगठ्याने मळायचा, तंबाखू मिसळायची, चिलमीत भरायचा आणि ओली साफी गुंडाळून ओढायचा. धुण्याने हिरवट, कडवट पाणी निघून जाते. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून कैफ जागच्या जागी राहतो. हे रसायनशास्त्र प्रयोगशाळेच्या फार आधी चिलीम ओढणाऱ्याच्या हाताला कळलेले होते.

आयोगाची अडचण इथेच होती. 'गांजा' हा एकच शब्द, पण त्याखाली येणारा माल एका ताकदीचा नव्हता. त्यात राळ कमी-जास्त असे, आणि राळेतले नेमके कोणते द्रव्य चढते, हे सांगणारे कुणी नव्हते. वॉर्डन स्वतः तज्ज्ञ होते. मुंबईच्या डायमॉक आणि मद्रास इलाख्यातल्या हूपर यांच्याबरोबर त्यांनी 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ नुकताच पुरा केला होता. तरीही त्यांना राळ तोलता येत होती, द्रव्य ओळखता येत नव्हते. कलकत्त्यात कनिंगहॅम या शास्त्रज्ञांनी एका ऱ्हेसस माकडाला महिनोन्‌महिने गांजाची धुरी देऊन पाहिली. पुढे त्याच्या मेंदूत गांजाचा म्हणावा असा बिघाड सापडला नाही. एका माकडावरून काय ठरणार, हा प्रश्न आज कुणीही विचारील. शिबपूरच्या वनस्पती उद्यानातले डेव्हिड प्रेन यांनी त्याच सुमारास लिहिलेल्या अहवालात एक बारकी नोंद आहे: गांजा जुना झाला की त्याची ताकद उतरते. कारण तेव्हा सांगता येण्याजोगे नव्हते.

१८९६ मध्ये केंब्रिजला वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी चरसातून लालसर, दाट तेल वेगळे केले आणि त्याला कॅनाबिनॉल नाव दिले. वाटले, चोर सापडला. खरे तर तेलात बरेच काही होते, आणि त्यांनी पुढे त्यातून शुद्ध केलेले कॅनाबिनॉल हे हवेने आणि काळाने मूळ द्रव्य बिघडून उरलेला अवशेष निघाले. प्रेन यांच्या जुन्या गांजाचा खुलासा इथे होतो: साठवणीत टीएचसी या कैफ चढवणाऱ्या मूळ द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होत जातो, कॅनाबिनॉल वाढते आणि कैफ उतरतो.

वसमतच्या बाजारातल्या पिकाशी ताडून पाहिले तर हा उशीर किती ते कळते. हळदीतले कर्क्युमिन १८१५ मध्ये वेगळे झाले, त्याची रचना १९१० मध्ये कळली. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीबद्दल बोलताना आज कर्क्युमिनचे प्रमाण पहिल्या दमात विचारले जाते. हळकुंड मोडून रंग बघणे आहेच, पण प्रयोगशाळेचा दाखलाही लागतो. गांजातले डेल्टा-९-टीएचसी शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९६४ मध्ये, इस्रायलच्या गाओनी आणि मेशुलाम यांच्या. म्हणजे पार्लमेंटातल्या प्रश्नापासून एकाहत्तर वर्षे सरकारे एका अनोळखी द्रव्याचे कायदे करत होती.

झाडातल्या द्रव्यावर रसायनाची क्रिया करून बनवलेल्या टीएचसीच्या भावंडांची, म्हणजे अर्धकृत्रिम कॅनाबिनॉइडांची, जन्मनोंद मात्र १९६४ च्याही आधीची. इलिनॉय विद्यापीठातले रॉजर ॲडम्स १९४० च्या आसपास मिनेसोटातल्या रानटी हेम्पवर काम करत होते. त्यांनी सीबीडी, म्हणजे कॅनाबिडायॉल, वेगळे केले. सीबीडीने कैफ चढत नाही. पण आम्लाबरोबर तापवले की त्याचे टीएचसी होते, आणि त्या टीएचसीला हायड्रोजन दिला की हेक्साहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे एचएचसी, मिळते हे त्यांनी दाखवले. मँचेस्टरला अलेक्झांडर टॉड त्याच वाटेवर होते. दोघांनीही हे केले रेणूची रचना उलगडण्यासाठी. दुकानात बाटली ठेवण्याचा विचार त्या शोधनिबंधांत कुठे नाही.

रासायनिक खेळ समजायला अवघड नाही. सीबीडी आणि टीएचसी यांची जडणघडण एकाच मालातून: २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. सीबीडीत दोन कडी आहेत. आम्लाचा प्रोटॉन एका दुहेरी बंधावर बसतो, शेजारचा ऑक्सिजन तिथे येऊन जोडला जातो आणि तिसरे कडे बंद होते. झाले टीएचसी. आम्ल कोणते, द्रावक कोणता, तापमान किती आणि वेळ किती यावर दुहेरी बंध नवव्या जागी राहतो की आठव्या जागी सरकतो हे ठरते. आठव्या जागी तो जास्त स्थिर असतो, म्हणून जोरकस आम्लात माल बराच वेळ ठेवला तर डेल्टा-८ जास्त मिळते. डेल्टा-९ मेंदूतल्या ज्या सीबी-१ ग्राहींना धरते त्यांनाच ते धरते, जरा ढिले. झाडात ते नाममात्र असते. विकण्याइतके हवे असेल तर कारखान्यातच करावे लागते. अर्धकृत्रिम म्हणायचे ते याच अर्थाने: मूळ द्रव्य झाडाचे, शेवटचा हात रसायनाचा. पूर्ण कृत्रिम कॅनाबिनॉइड, ज्यांची रचनाच टीएचसीपेक्षा वेगळी असते, ती निराळी जात, आणि पुष्कळदा जास्त धोक्याची. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते ती होऊ देऊ नये.

मग ऐंशी वर्षे जुना प्रयोग बाजारात कसा आला? उत्तर पुन्हा एका कागदात आहे. २० डिसेंबर २०१८ रोजी अमेरिकेत शेतीविषयक कायद्यावर सही झाली. त्यात हेम्पची व्याख्या अशी: कोरड्या वजनावर डेल्टा-९-टीएचसी ०.३ टक्क्यांहून जास्त नसलेले कॅनाबिस, आणि त्यापासून निघालेले सगळे पदार्थ. डेल्टा-९ चे नाव घेतले, डेल्टा-८ चे घेतले नाही. शेतकऱ्यांनी हेम्प लावले, सीबीडी उदंड झाले, भाव पडले. आणि पडून असलेल्या सीबीडीचे आम्लात घालून डेल्टा-८ करण्यात पैसा आहे हे कुणाच्या तरी लक्षात आले. पेट्रोल पंपावरच्या दुकानात चघळायच्या रंगीत गोळ्या दिसू लागल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ही फट बुजवणारी नवी व्याख्या मंजूर केली, अंमल वर्षभराने.

या गोळ्यांच्या वेष्टनाकडे इस्पितळाच्या रकान्याइतक्याच संशयाने पाहावे लागते. आम्लातली क्रिया एका रेणूवर थांबत नाही. डेल्टा-८ बरोबर डेल्टा-९ उरते, आयसो-टीएचसीसारखी भावंडे तयार होतात. आम्ल आणि द्रावक नीट काढले नाहीत तर तेही राहतात. यातली काही द्रव्ये इतकी सारखी की साध्या तपासणीत आलेखावर दोघांची शिखरे एकावर एक येतात आणि यंत्र दोघांना एकच समजते. २०२१ मध्ये यूएस कॅनाबिस कौन्सिल या संघटनेने सोळा उत्पादने तपासून घेतली; एक सोडून सगळ्यांत डेल्टा-९ कायद्याच्या मर्यादेपलीकडे होते. अर्थात ही संघटना परवानाधारक गांजा व्यापाऱ्यांची, डेल्टा-८ वाले तिचे प्रतिस्पर्धी. आकडा टाकून देऊ नये, पण तो कुणाच्या वहीतला आहे हेही विसरू नये.

परिणामांच्या नोंदींनाही हीच कसोटी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे डिसेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२२ या काळात डेल्टा-८ घेतल्यानंतरच्या त्रासाच्या १०४ तक्रारी आल्या: भास, उलट्या, कंप, घाबरणे, चक्कर, गोंधळ, शुद्ध हरपणे. विषबाधा केंद्रांकडे १ जानेवारी २०२१ ते २८ फेब्रुवारी २०२२ मध्ये २,३६२ प्रकरणे नोंदली गेली. त्यांत शेकडा ४१ अठरा वर्षांखालची मुले. शेकडा ७० जणांना दवाखाना गाठावा लागला. एका मुलाचा मृत्यू झाला. ही संख्या डेल्टा-८ मुळे झालेल्या आजारांची पूर्ण गणती नाही. फोन केला त्यांचीच नोंद होते, आणि नोंद होते वेष्टनावरच्या नावाची. पोटात नेमके काय गेले ते क्वचितच तपासले जाते. १८९२ च्या २२२ चे १८९४ मध्ये ९८ झाले, तशी घट इथे होईल की वाढ, हे प्रकरणवार तपासणीशिवाय ठरत नाही. मुलांच्या आकड्याबद्दल मात्र शंकेला फारशी जागा नाही, कारण गोळी खाऊसारखी दिसते आणि चिलमीसारखी लगेच चढत नाही. पोटातून गेलेले टीएचसी यकृतात जाते, तिथे त्याचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होते, तेही चढते; आणि हे व्हायला तास-दोन तास लागू शकतात. काही झाले नाही म्हणून दुसरी गोळी खाल्ली जाते ती याच मधल्या वेळात.

टीएचसीला ॲसिटेट जोडून केलेल्या टीएचसी-ओची गोष्ट जास्त गंभीर. २०२२ मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या रसायनतज्ज्ञांनी दाखवले की असे ॲसिटेट वेपमधल्या तापमानाला फुटून कीटीन हा फुप्फुसांना इजा करणारा वायू देतात. इथे वेष्टन खरे असले तरी उपयोग नाही. द्रव्य बाटलीत एक असते आणि श्वासात दुसरे होते.

भारताचा कायदा या बाबतीत चमत्कारिक रीतीने दोन काळांत उभा आहे. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारणेचे तुरे. तुऱ्यांसोबत नसतील तर बिया आणि पाने त्यातून वगळलेली. ही झाडाच्या अवयवांवर बेतलेली भाषा नगरच्या शेतकऱ्याला १८९३ मध्येही कळली असती. पाने वगळल्यामुळेच भांगेचा प्रश्न राज्यांकडे राहिला आणि 'विजया' नावाने पानांच्या अर्काची आयुर्वेदिक उत्पादने आज ऑनलाइन मिळतात. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली, ती टीएचसीची मर्यादा घालून. पण त्याच एनडीपीएस कायद्याच्या परिशिष्टात दुसरी भाषा आहे, निव्वळ रेणूंची. तिथे टीएचसीचे आयसोमर, म्हणजे सूत्र तेच पण मांडणी वेगळी अशी रूपे, एकेक करून मोजले आहेत: डेल्टा-७, डेल्टा-८, डेल्टा-९, डेल्टा-१० आणि आणखी काही, त्यांच्या अवकाशीय रूपांसह. अमेरिकेत ज्या फटीतून डेल्टा-८ बाहेर पडले ती फट आपल्याकडे या एका ओळीने बंद होती. ती ओळ भारतीय दूरदृष्टीची म्हणण्यापेक्षा मनोप्रभावी द्रव्यांविषयीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेली आहे. पण कायदा कायदा असतो. वजनाचा हिशेब तर आणखी कडक. बंदी असलेल्या द्रव्यात निरुपद्रवी पदार्थ मिसळला असेल तर शिक्षा ठरवताना सगळ्या मिश्रणाचे वजन धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. म्हणजे रंगीत गोळी पकडली गेली तर तिच्यातली साखरही आरोपीच्या खात्यावर.

एचएचसी मात्र त्या आयसोमरांच्या ओळीत बसत नाही. त्यात टीएचसीपेक्षा दोन हायड्रोजन जास्त आहेत. सूत्रच बदलले की तो आयसोमर राहत नाही. दुहेरी बंध गेल्यामुळे एचएचसी सहजी कॅनाबिनॉलमध्ये बिघडत नाही, म्हणजे दुकानाच्या फळीवर जास्त टिकते. हायड्रोजन घालताना पॅलेडियम किंवा निकेलसारखा धातू उत्प्रेरक म्हणून वापरतात, तो पूर्ण काढावा लागतो. आणि घालताना रेणू दोन रूपांत पडतो: एकात नवव्या कार्बनवरचा गट एका बाजूला, दुसऱ्यात दुसऱ्या. पहिले रूप, ९-आर, सीबी-१ ग्राहीला जवळजवळ टीएचसीसारखे धरते. दुसरे, ९-एस, फारच दुबळे. दोघांचे प्रमाण प्रत्येक घाण्यात बदलू शकते. 'एचएचसी २५ मिलिग्राम' असे छापलेल्या दोन गोळ्या म्हणून एका ताकदीच्या असतीलच असे नाही, आणि वेष्टनावर हे प्रमाण लिहिण्याची रीत नाही.

युरोपात एचएचसीची पहिली नोंद मे २०२२ मध्ये डेन्मार्कमधून झाली. मार्च २०२५ मध्ये व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने ते १९७१ च्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत घातले. त्याच्या दोन वर्षे आधीच, एप्रिल २०२३ मध्ये, युरोपच्या अमली पदार्थ निरीक्षण केंद्राने एचएचसीवर तांत्रिक अहवाल काढला होता, आणि तोवर एचएचसी-ॲसिटेट आणि एचएचसी-पी ही पुढची नावेही बाजारात आल्याची नोंद झालेली होती.